अकरा लाल फुल्या

बाबा, तुमचं नाव दगडावर आलं नाही. आधी तेवढं सांगून टाकते, कारण मी गोष्ट फिरवून सांगायला लागले की तुम्ही म्हणायचात, "आधी गोल सांग, मंग कसा झाला ते सांग." तर गोल झाला आहे, आणि आपल्यावर झाला आहे. अकोल्याच्या तुमच्या क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून मैदानाच्या फाटकापाशी काळा दगड बसवायचं ठरलं. त्यावर सगळ्या काळातले मिळून अकरा खेळाडू कोरायचे, तुमच्या वेळचे आणि आताचे एकाच यादीत. डाव्या बॅकच्या, म्हणजे डावीकडच्या बचावाच्या, जागेवर शेवटी दोन नावं उरली. एक तुमचं आणि एक सध्या विद्यापीठाकडून खेळणाऱ्या मुलाचं. हे कळल्यापासून आईला दुसरा विषय नव्हता. "तुया बापाचं नाव कुठंच लिवलेलं नाही व माय," ती फोनवर म्हणाली. "राशन कार्डावर होतं, ते बी कटलं. दगडावरचं तं कोणी कापणार नाही."

मी आता अमरावतीत असते. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते, त्यामुळे मी पुढे काय केलं हे तुम्हाला माहीतच नाही. एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली मुलं पोलीस भरतीचा अभ्यास करतात आणि वर आम्ही कानाला हेडफोन लावून परदेशातले फुटबॉलचे सामने पाहतो. नुसते पाहत नाही. कोणी कोणाला पास दिला, कोणाच्या पायातून चेंडू गेला, मैदानाच्या कुठल्या भागात गेला, अशी प्रत्येक स्पर्शाची नोंद कॉम्प्युटरवर करायची. शंका आली तर मागे जाऊन तेच पुन्हा पाहायचं. मी सगळ्यांपेक्षा हळू काम करते, कारण मी फार वेळा मागे जाते. सोबतच्या मुली म्हणतात, "ताई, तू काय कोर्टात साक्ष देऊन राहिली का?" मला त्यावर हसू येत नाही. हे काम मी कुठे शिकले ते त्यांना माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

आपलं स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा तो कोपरा, आई भाकरी थापते आहे, तुम्ही जिनिंगमधून आलेले आहात आणि तुमच्या भुवयांवर अजून सरकी-कापसाचा बारीक धुरळा आहे. तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटता आणि म्हणता, "वाच." मी शंभर पानी वही उघडते आणि रविवारचा सामना वाचून दाखवते. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी. तुम्हाला सही येत होती, पण तीही तुम्ही चित्र काढावं तशी काढायचात. तुम्हाला काय हवं होतं ते तुम्ही मला पहिल्याच दिवशी नीट सांगितलं होतं: "मी काय चांगलं केलं ते लोकं सांगतात. तू फक्त माया पायातून बॉल कितीदा गेला ते लिव." म्हणून तुम्ही मला चार रंगांचं पेन आणून दिलं होतं. निळ्याने सामना कोणाशी आणि किती गोल ते लिहायचं आणि लालने तुमच्या चुका. मी चुन्याच्या रेघेबाहेर, पाण्याच्या कळशीजवळ बसायचे आणि तुमच्याकडून चेंडू समोरच्या संघाकडे गेला की लाल फुली मारून तसं लिहायचे. बाकीच्या एकवीस जणांकडे मी पाहतच नसे. मला पाहायला सांगितलं होतं ते तुमच्याकडे.

मग तो सामना झाला, मूर्तिजापूरच्या संघाविरुद्ध. तुम्ही जिंकलात. उन्हाळ्याचे दिवस होते आणि मैदानाच्या त्या बाजूला काळ्या मातीला एवढ्या भेगा होत्या की चेंडू कुठे उडेल याचा नेम नव्हता. तुमच्यातले निम्मे लोक अनवाणी होते, तुम्हीही. त्या संध्याकाळी जिलेबी आली, गडबड झाली आणि वही वाचायची राहिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला आणि वहीला घेऊन चहाच्या टपरीवर गेलात. सगळे खेळाडू तिथे बसले होते. "पाहा लेकहो, माया पोरीचं अक्षर पाहा," असं म्हणून तुम्ही स्वतः पान उघडलंत. शेवटचं लिहिलेलं पान तुम्हाला ओळखता येत होतं. त्यावर काय लिहिलं आहे हे येत नव्हतं. तुमच्या संघाचे सेंटर फॉरवर्ड काका, ज्यांना सातवीपर्यंतचं शिक्षण होतं, त्यांनी वही हातात घेतली आणि मोठ्याने वाचायला लागले. "बाबांकडून चेंडू गेला. बाबांकडून चेंडू गेला. बाबांकडून पुन्हा चेंडू गेला." ते मोजत गेले आणि प्रत्येक आकड्याला हसू वाढत गेलं. अकरावर ते थांबले. "अबे, तू आपल्याकडून खेळून राह्यला होता का मूर्तिजापूरकडून?" तुम्हीही हसलात. सगळ्यांत शेवटी हसलात आणि सगळ्यांत आधी थांबलात. कपात चहा तसाच होता.

घरी येताना तुम्ही विचारलंत, "अकराच्या अकरा तू सोता पाह्यले?" मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "तुले शिकवलं ते लिवासाठी. मले मोजासाठी नाही." बाबा, मी हे वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलेलं आहे आणि आज तुम्हाला परत करते. मोजायला तुम्हीच सांगितलं होतं. पेन तुम्हीच आणलं होतं. टपरीवर पान तुम्हीच उघडलं होतं. मी बारा वर्षांची होते आणि सांगितलेलं काम केलं होतं. त्यानंतर तुम्ही मला मैदानावर कधी नेलं नाही. सामना झाल्यावर भिंतीला टेकून बसायचात, पण "वाच" म्हणायचं सोडलंत. वर्षभराने कावीळ झाली, ती झाडपाल्याने बरी होते म्हणून तुम्ही दवाखान्यात न जाता थांबलात, आणि आपल्यातलं ते बोलणं तसंच राहून गेलं. मी तुमच्यावर रागावले आहे हे मला तुमच्या मरणाच्या दुःखात कळलंच नाही. नोकरीला लागल्यावर कळलं, जेव्हा एका परक्या बॅकच्या पायातून चेंडू गेला आणि मी त्याची नोंद तीनदा खोडून पुन्हा केली.

वही आईने पेटीत ठेवली होती. दगडाची बातमी कळली तशी ती उठली, वही स्वच्छ पुसली आणि सेंटर फॉरवर्ड काकांच्या घरी नेऊन दिली. तेच आता क्लबचे अध्यक्ष आहेत. आईलाही वाचता येत नाही. "तुमच्या मित्राचं सारं लिवलेलं हाय यात, पोरीच्या हातचं," असं तिने त्यांना सांगितलं. मला हे वही देऊन झाल्यावर कळलं. आपल्या घरात ही चूक दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा अभिमानाने झाली.

मला त्या बैठकीला बोलावलं होतं, कारण मी "फुटबॉलच्या लाइनमध्ये" आहे आणि तेव्हाच्या-आताच्या खेळाडूंची तुलना मला जमेल असं त्यांना वाटलं. मी तयारी करून गेले. ऑफिसच्या कामात पाहिलेले, ज्यांचे फोटो मुलं मोबाइलवर लावतात असे बॅक मी पुन्हा काढून पाहिले. एकाकडून एका सामन्यात चेंडू चौदा वेळा गेला, दुसऱ्याकडून सतरा वेळा. हिरव्यागार सपाट मैदानावर, पायात हवे तसे बूट घालून. त्या विद्यापीठाच्या मुलाचा एक सामना कोणीतरी मोबाइलवर घेतला होता, तोही मोजला. सोळा. आणि तो मुलगा चांगला आहे, बाबा, ते मी खोटं सांगणार नाही. तो धावतो फार सुंदर. सोळा हा आकडा वाईट नाहीच. अकरा तर मुळीच नाही. त्या भेगांच्या मातीवर, अनवाणी, अकरा. हे मला खुर्चीत बसून समजलं तेव्हा मी हेडफोन काढून ठेवले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. टपरीवर सगळे हसले, कारण त्यांच्यापैकी कोणाचे कधी कोणी मोजलेच नव्हते.

बैठक मैदानाशेजारच्या खोलीत होती. आधी नेहमीचं भांडण झालं. काका म्हणाले, "आत्ताची पोरं केसाले जेल लावून येतात. हेडर माराले डोकं देत नाहीत, भांग मोडन म्हणून." त्यावर आत्ताच्या संघाचा कोच म्हणाला, "काका, आजच्या स्पीडले तुमाले दहा मिनिटांत सलाईन लावा लागली असती." "अन् तुमाले आमच्या मैदानावर सोडलं असतं तं तिसऱ्या मिनिटाले पाय भेगीत!" सगळे हसले. सेंटर फॉरवर्डच्या जागेवर काकांचं नाव चर्चा न होता लिहिलं गेलं. कोणी म्हणालं, त्यांनी एकदा अर्ध्या मैदानातून गोल मारला होता. कोणी म्हणालं, दोनदा मारला होता. मग डाव्या बॅकची पाळी आली आणि काकांनी टेबलाच्या खणातून वही काढली. लाल शाई इतक्या वर्षांत जरासुद्धा फिकट झालेली नाही.

मी माझा कागद पुढे केला. चौदा, सतरा, सोळा, अकरा. सगळं समजावून सांगितलं. काकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "ते सारं ठीक आहे पोरी, पण ते बाहेरच्या देशातलं, अन् हे मोबाइलवरचं. आपल्या वहीत पाह्यलं तं दुसऱ्या कोणाची एक बी फुली नाही."

"कारण मी दुसऱ्या कोणाकडे पाहत नव्हते, काका. तुमच्याकडून त्या दिवशी किती गेले होते?"

"मायं कोण मोजते बाप्पा!" ते म्हणाले, आणि खोली पुन्हा हसली. तेच हसू, बाबा. फक्त दात कमी झालेत.

"त्याचं चांगलं काय लिवलं हाय का?" कोचने विचारलं. तो माणूस वाईट नव्हता, त्याने खरंच पान उलटून पाहिलं. तुम्ही किती जणांचे चेंडू काढून घेतलेत, गोलजवळून किती परतवलेत, यातलं वहीत काहीच नाही. ते लिहायला तुम्ही सांगितलं नव्हतं, आणि मी सांगितलं तेवढंच करणारी मुलगी होते. ते लोक सांगतात, असं तुम्ही म्हणाला होतात. लोक बसले होते की समोर. कोणी सांगितलं नाही. ज्याच्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं त्याच्या नुसत्या गोष्टी उरल्या, आणि गोष्टीत कोणाच्या पायातून चेंडू जात नाही.

मग काकांनी वही माझ्यासमोर ठेवली, त्या पानावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तूच सांग बाई. तू शिकलेली हायेस, खोटं बोलणार नाहीस. अकरा गेले होते ना?"

मी म्हटलं, "हो."

काकांनी त्या मुलाचं नाव लिहिलं. आईला मी एवढंच सांगितलं की आताच्या मुलांची बाजू जड झाली. तिने विचारलं, "अन् वही?" मी म्हटलं, आणली परत. ती म्हणाली, "चांगलं केलं. तेवढीच एक जागा हाय त्याच्या नावाची." मी तिला कसं सांगू की त्या वहीत तुमचं नावही नाही, सगळीकडे "बाबा" लिहिलेलं आहे.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही आणि कोणाला देणार नाही. तुम्ही असता तरी ते तुम्हाला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि टपरीनंतर मी तसं होऊ दिलं नसतं. माझा राग खरा आहे. तो मी मागे घेत नाही. पण एक गोष्ट आहे, जी मला मागे जाऊन पाहता येत नाही. दहा मी पाहिले होते. अकराव्याच्या वेळी मी मान खाली घालून चपलेचा तुटलेला अंगठा बसवत होते. मागून कोणीतरी ओरडलं, "गेला रे बॉल!" मी वर पाहिलं तेव्हा चेंडू मूर्तिजापूरवाल्यांकडे होता आणि जवळ तुम्ही उभे होतात. तुम्ही होतात आणि आपल्याच संघातला आणखी एक जण होता. मी पेनाचा लाल खटका दाबला.