शिड्या वर घ्यायची वेळ

सोमवार, ९ नोव्हेंबर

आलो एकदाचा! कालव्याच्या या धक्क्यावर बारा बोटी आहेत, सगळ्या लांबच लांब आणि दोन माणसं जेमतेम शेजारी उभी राहतील एवढ्याच रुंद. तेरावी माझी. तीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो, आता या बोटींची राखण करायची. सामान नंतर लावलं, आधी काम. आठ लाल तरंगती कडी, सहा फेकायच्या दोऱ्या, प्रत्येकीची आपापली थैली, आणि प्रत्येक बोटीला पाण्यात सोडलेली शिडी. कालव्याच्या भिंती सरळ उभ्या आणि शेवाळलेल्या. गार पाण्यात पडलेल्या माणसाला वर यायला दुसरा रस्ताच नाही. पण हे इथे कुणाला सांगणार?

शेजारच्या बोटीतल्या बेरिलबाई ऐंशीच्या घरातल्या, तोंड मात्र विशीतलं. माझ्या दोऱ्या बघून पोट धरून हसल्या. म्हणाल्या, अरे बाबा क्लेमंट, पाणी कमरेएवढं आहे. कुणी पडलं की आम्ही एकच ओरडतो, ‘उभा राहा, गाढवा!’ झाली सेफ्टी. वर गरम बेकन सँडविच दिलं, म्हणून माफ केलं.

लेकीचा, टॅम्सिनचा, फोन आला. बावीस तारखेला येते म्हणाली. बायकोला, मार्गारेटला, पुरून आलो त्या दिवशी आम्ही बापलेक भांडलो, ते आजवर बोललो नव्हतो. दोन वर्षं! आनंदाच्या भरात किटली करपवली.

बुधवार, ११ नोव्हेंबर

चार वाजता, अंधार पडायच्या आत, सगळ्यांनी शिड्या वर ओढून घेतल्या. मी चिडलोच. पाण्यात पोचत नसेल तर शिडी पडलेल्याच्या काय कामाची? बेरिलबाई म्हणाल्या, तुझ्या आधीच्या माणसानेही लावल्या होत्या हो शिड्या, त्या पडलेल्यांपेक्षा भलत्यांच्याच कामी आल्या. आणि दार लावून घेतलं. माझी शिडी मी खालीच ठेवली. नियम म्हणजे नियम.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

सकाळी शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर चिखल. काळा, तळातला. पाणमांजर असेल.

शनिवार, १४ नोव्हेंबर

काल चिखल वरून दुसऱ्या पायरीवर. आज पहिलीवर. पाणमांजर रोज एकच पायरी चढतं?

दुपारी एका थैलीतली दोरी बाहेर, कालव्याच्या मध्यापर्यंत ताणलेली. ओढली, तर सैल झाली. सोडली, तर पुन्हा ताणली गेली. गिऱ्हाइकाने कापड चाचपून पाहावं तसं काहीतरी. मी दोरी तिथेच टाकून आत आलो. घाबरलो, लिहायला लाज कसली.

शिडी वर घेतली. पावणेचारला.

सोमवार, १६ नोव्हेंबर

बेरिलबाईंना खोदून विचारलं. माझ्या आधीचा माणूस ऑब्रे. बोट रंगवताना पडला. सगळे हसले, उभा राहा म्हणून ओरडले. तो राहिला की उभा! पाणी कमरेला, स्वतःही हसत होता. मग कुणीतरी बाही ओढून खाली बसवावं तसा बसला. दोरी फेकली, त्याने धरली, सहा जणांनी ओढली. दोरी आली.

पुढे आठवडाभर धुक्यात त्याचा आवाज दोरी मागायचा. शेवटी बेरिलबाईंच्या नवऱ्याला राहवलं नाही, त्याने टाकली. टाकताना आपलं टोक मनगटाला गुंडाळलं होतं.

मग तुम्ही इथून जात का नाही, असं विचारलं. तर म्हणाल्या, नवरा इथेच आहे ना.

बुधवार, १८ नोव्हेंबर

धुकं. सकाळचे अकरा. पाण्यातून हाक आली, क्लेमंट, दोरी टाक ना. मार्गारेटचा आवाज. तिची ती ‘ना’ म्हणायची ढब.

मार्गारेट दवाखान्यात वारली. पाण्यात नाही. दोरी माझ्या हातात होती. हात कसा थांबवला, मला माहीत.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

सगळं काढलं. कडी, दोऱ्या, तेराच्या तेरा शिड्या. कोठीत टाकून कुलूप. मी, सेफ्टी ऑफिसर! बेरिलबाई हसल्या नाहीत.

शनिवार, २१ नोव्हेंबर

टॅम्सिनला फोन केला. येऊ नकोस म्हणालो. कारण काय सांगणार? ती म्हणाली, बाबा, तुम्हाला मी नकोच आहे, सरळ बोला की. तिने फोन ठेवला.

चिडू दे. कोरडी राहील.

रविवार, २२ नोव्हेंबर

धुकं. पलीकडचा काठ दिसत नाही. बेरिलबाई चर्चला गेल्यात, धक्क्यावर कुणी नाही.

आत्ता धप्प आवाज झाला. मग हाक. बाबा.

टॅम्सिनचा आवाज. ती येणार नाहीये. काल सांगितलंय. मार्गारेटचा आवाज काढला तसाच हाही — जायचं नाही. हात गुंतून राहावा म्हणून लिहितोय. पडदा उघडायचा नाही.

पुन्हा. खोकतेय.

दोरी मागेल आता. मागू दे —

मागत नाहीये. शिडी कुठेय विचारतेय. बाबा, शिडी कुठेय.

मीच तिला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, फोनवर, फुशारकीने. कधी पडलीस तर घाबरू नकोस, बोटीला धरून धरून पुढे सरक, प्रत्येकीला शिडी आहे —

पत्र्यावर हात आपटतोय. माझ्या बोटीच्या. आता पुढच्या. तिथे नाही. त्याच्या पुढच्या — माझं पोर एकेक बोट चाचपत —

कोठीची किल्ली. कोटात नाही. खणात

टॅम्सिन, थांब, आलो मी, आ