पोट साफ होऊच नये म्हणून

मंगळवार, दिवेलागण

परवा यवतमाळले ह्यायच्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी हाय. मागच्या खेपेले पोट साफ नव्हतं म्हणून डॉक्टरनं अर्ध्यातच थांबवली. संडासवाटे रक्त त अजूनही पडूनच राह्यलं. म्हणून यावेळी मी मऊ भात अन् वरणाचं गाळलेलं पाणी, एवढंच देऊन राह्यली. भाकर नाही, पालेभाजी नाही, बियांचं काहीच नाही.

आज बोंडअळीनं खाल्लेल्या वावरातून घरी आली, त हे गोठ्यात बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होते. पायाशी टरफलाचा ढीग.

मी ओरडली, "काहून असं करता? भूक लागली त मले सांगाचं ना!"

"भूक नाही, सुमन. भेव लागते. पोट साफ झालं, त आतलं सारं दिसन."

म्हणजे मागच्या खेपेलेही मुद्दामच? अन् मले वाटलं, ह्यायले जीभ आवरत नाही. एवढी कशी आंधळी मी?

डॉक्टरले फोन करून खरं सांगितलं. त्यायनं तारीख दोन दिवस पुढं ढकलली. टरफलं झाडली, अन् दोघांसाठी एकाच ताटात मऊ भात घेतला. घास ह्यायच्या तोंडाजवळ नेला.

"आत काही वाईट दिसलं त?" ह्यायनं विचारलं.

मी घास तसाच धरून बसली. शेवटी ह्यायनं घासासाठी तोंड उघडलं.