पाइपात पट्टी घालण्याआधी

अण्णा, गेल्या आठवड्यात मी गुलमंडीच्या एका दुकानात बराच वेळ उभी होते. काउंटरवर माझ्यासमोर तीन वेटोळी होती: एक पोलादाच्या पट्टीचं, एक नायलॉनचं, एक फायबरचं. तुम्ही तिन्हींनाही स्प्रिंगच म्हणायचात. पाइपातून केबल ओढायची असली की आधी यातलं एक आत सारायचं, दुसऱ्या टोकाला बाहेर काढायचं, त्याला केबल बांधायची आणि मागं ओढून घ्यायची, एवढंच त्यांचं काम. दुकानदार वैतागला होता. "मॅडम, वायरमन को भेजो ना, उनों देख लेते. एक स्प्रिंग के वास्ते इत्ता क्या सोचते?" मी म्हटलं, मलाच बघायचंय. पोलाद ताठ असतं, लांब जातं, वळणावर रेटलं तरी मान टाकत नाही. पण त्यातून वीज वाहते, आणि पाइपात आधीच्या जुन्या केबल असल्या तर पट्टीची कड त्यांचं आवरण खरवडत जाते. नायलॉनमधून वीज वाहत नाही, पण त्याला दम नाही. फायबर ताठही असतं आणि निर्धोकही. फक्त काटकोनात वळायची वेळ आली की अडतं. मी फायबर घेतलं. दुकानातून बाहेर पडताना मला वाटलं, आज मी तुमच्यासाठी काहीतरी केलं.

तुम्हाला माहीत नाही, मी आता एका इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडे इंजिनियर आहे. चिकलठाण्याच्या जुन्या वसाहतीतल्या एका शेडमध्ये नवी यंत्रं बसतायत आणि त्यांची केबल जुन्याच पाइपातून न्यायची होती. ते तुमचं शेड नाही. कामावर जायच्या आधी मी चौकशी केली. तुमच्या शेडचं आता कुणाचंतरी गोदाम झालंय. तरी पहिल्या दिवशी त्या भिंतीवरचा गंजलेला पाइप बघितला, जमिनीत शिरणारा आणि पलीकडं कुठं निघतो ते न दिसणारा, तेव्हा मी त्याला हात लावला नाही.

मला मुकुंदवाडीच्या खोलीतली ती सकाळ अजून दिसते. आई भाकरी थापतेय, आणि तिच्या परातीला वळसा घालून तुम्ही प्लास्टिकचा पाइप अंथरलाय. ठेकेदारानं नवी नायलॉनची स्प्रिंग दिलीय, ती कामावर न्यायच्या आधी तुम्हाला घरी तपासायचीय. "आता भाकरीत बी वायरिंग करा," आई म्हणते. मी दुसऱ्या टोकाला, पाइपाला डोळा लावून बसलेय. "डोळा काढ आधी! टोक आलं म्हंजी?" तुम्ही इतक्या जोरात ओरडता की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. मग तुम्हीच नरमता. नायलॉन दुसऱ्या वळणाला अडतं, तुम्ही म्हणता, "बघ, लाडात आलं." पोलादाची पट्टी मात्र सरकन माझ्यापर्यंत येते. तुम्ही तिला केबल बांधता आणि मला ओढायला सांगता, मी हिसका मारते. "ओढू नको गं. बोलावून घे." तुमचे वडील अजिंठ्याकडच्या डोंगराखाली मेंढरं राखायचे, तुम्ही केबलला तसंच बोलवायचात, जिभेनं टकटक आवाज करून. "शिंगं फुटतील त्या वायरीला," आई म्हणते, आणि मग आपण तिघंही हसतो.

तेव्हा बोर्डावर चिनी मातीचे पांढरे फ्यूज असायचे. लाइन बंद करायची म्हणजे तो फ्यूज उपसून काढायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. मग मागून कुणी येऊन चुकून लाइन चालू करेल ही भीती राहत नाही. तुमच्या पिढीचे सगळे वायरमन असंच करायचे, त्याहून मोठी खात्री कुणाला माहीतच नव्हती. तुम्ही शर्टाच्या खिशावर थाप मारून सांगायचात, "हे हितं हाय तवर यम बी लाइन लावू शकत नाय." आई दर वेळी चिडायची. त्याचं नाव कशाला घेता, म्हणायची.

मी सातवीत होते. घाटी दवाखान्यातून तुमचे कपडे एका प्लास्टिकच्या पिशवीत घरी आले. पाइपात पट्टी घालताना शॉक बसला, एवढंच आम्हाला सांगितलं. ठेकेदार दारात उभा होता, आत आला नाही. "लाइन बंद न करताच घातली. घाई लई होती त्याला." मग दहाव्याला सगळे तेच बोलले, पुढं लग्नाकार्यात भेटले तेव्हाही तेच. आई शर्ट धुवायला घेते तेव्हा खिशातून एक फ्यूज मोरीत पडतो. ती तो पदरानं पुसते आणि सुयादोऱ्याच्या डब्यात ठेवते. मला वाटलं, वायरमनच्या खिशात फ्यूज असणारच, सुताराच्या कानावर पेन्सिल असते तसा. मी मोठी झाले ती त्या एका शब्दावर. घाई. मी इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतला, आपल्या घरात पहिली पदवी आणली, आणि त्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर आई मला म्हणाली, "बापासारखी घाई करू नको, एवढंच मागणं माझं."

म्हणून शेडच्या मॅनेजरशी मी भांडले. चालू लाइनीवर काम होणार नाही, फायबर असलं तरी नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, उत्पादन थांबणार नाही. आमचे ठेकेदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो मॅडम, शहाणपणा कॉलेजात." मी हटले नाही. शेवटी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पूर्ण शेडची वीज बंद करायचं ठरलं. तुमच्याबरोबर काम केलेले काका आता आमच्याकडे हेड वायरमन आहेत, त्यांनी दोन दिवस सगळ्यांना सांगितलं, "अण्णाची पोरगी मॅनेजरला नडली." मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

काल ती सुट्टी होती. मेन बंद केला, पॅनलला कुलूप घातलं. यंत्रं गप्प, पंखे गप्प, शटरमधून येईल तेवढाच उजेड. छताच्या लोखंडी कैच्यांवर कबुतरं हलत होती तेवढाच आवाज. फायबर तिसऱ्या वळणाला अडलं. उलट्या बाजूनं घातलं, तिथंही अडलं. काका हसले. "जुन्या मिस्त्र्यानं पाइप काटकोनात फिरवलीय. तुझं फायबर शिकलेलं हाय, त्याला सरळ रस्ता लागतो." मीही हसले. लाइन तर बंदच होती. मग पोलाद चालेल, मी म्हणाले. हे मीच म्हणाले, अण्णा.

काकांनी पोलादाचं वेटोळं सोडलं. जंक्शनच्या डब्याचं झाकण काढलं, आत जुन्या जोडांवरची चिकटपट्टी वाळून सुटली होती. ते गुडघ्यावर बसले, हातात मोजे नाहीत, आणि पट्टीचं टोक पाइपाच्या तोंडाशी नेता नेता त्यांनी दुसऱ्या हातानं खिशावर थाप मारली. "पॅनलला कुलूप अन चावी हितं. आता यम बी लाइन लावू शकत नाय."

मला मोरीत पडलेला फ्यूज दिसला. त्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. खिशात फ्यूज होता म्हणजे तुम्ही तो त्या सकाळी उपसून काढला होता. लाइन बंद करूनच तुम्ही पट्टी घातली होती.

"काका, थांबा."

"काय गं?"

"आधी दिवा लावून बघू."

"बंद लाइनीला दिवा? येडी का काय तू. लोक हसतील."

"हसू द्या. हात मागं घ्या आधी."

माझ्या आवाजात काहीतरी असावं, त्यांनी हात मागं घेतला. पिशवीत होल्डरला दोन वायरी लावलेला साधा बल्ब होता, काम झाल्यावर तपासायला आणलेला. मी रबरी मोजे घातले, एक वायर डब्याच्या अर्थिंगला लावली आणि दुसरी एकेका जुन्या जोडाला टेकवत गेले. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्याला बल्ब लख्ख पेटला. मिणमिणला नाही, अण्णा, घरातल्या दिव्यासारखा पेटला. त्या बंद शेडमध्ये तो पिवळा उजेड काकांच्या उघड्या हातांवर पडला होता, आणि त्यांच्या मांडीवर ती पट्टी तशीच होती.

"रिटर्न असंल," काका हळू म्हणाले. "जुन्या लाइनीत थोडा करंट फिरून येतो कधी कधी."

"रिटर्ननं बल्ब एवढा पेटत नाही, काका."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. खिशातून चावी काढली आणि तिच्याकडं बघत राहिले. "मग ही कशाची चावी म्हणायची?"

ती लाइन कुठून येते ते अजून कळलेलं नाही. पलीकडचं शेड एकेकाळी याच मालकाचं होतं. मधे भिंत घातली, पण पाइपातली एखादी वायर कुणी तोडली नसावी. मी काम थांबवलं. मॅनेजरला डब्यापाशी नेऊन बल्ब पेटवून दाखवला. तो म्हणाला, इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी आमच्या ठेकेदारांचा फोन आला, शेडवाल्यांनी काम दुसऱ्या ठेकेदाराला दिलंय. उद्या सकाळी पहिल्या पाळीच्या आधी त्या ठेकेदाराची माणसं येऊन मेन बंद करतील आणि पोलादानंच ओढतील. मॅनेजर म्हणतो, त्यांना सांगतो. मला नाही वाटत तो सांगेल. आणि सांगितलं तरी तो रिटर्न म्हणूनच सांगेल.

काल निघताना काका आणि मी जालना रोडच्या टपरीवर चहाला थांबलो. मी म्हटलं, "काका, अण्णांच्या खिशात फ्यूज होता." त्यांनी कप बाकावर ठेवला. "ठेकेदार म्हणला घाई, मग आम्ही बी म्हणलो घाई," ते म्हणाले. "दुसरं काय म्हणनार व्हतो? दुसऱ्या दिवशी त्याच शेडला कामाला जायचं व्हतं आम्हाला."

उद्या मी लवकर निघणार आहे. आत जायचा पास आता माझ्याकडं नाही, गेटवर अडवतील. त्या माणसांना मी बाहेरच गाठणार, चहा प्यायला थांबतील तिथं. मी त्यांना ओळखत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्यांच्यातला एकजण मेन बंद करेल, कुलूप लावेल, नीट खात्री करून गुडघ्यावर बसेल आणि काहीही चुकीचं करणार नाही. त्याला मला सांगायचंय की तेवढं पुरत नाही. काका येतो म्हणालेत. आम्ही दोघं सांगू. ते हसले तर पुन्हा सांगू.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती आता शेजारच्या खोलीत दुपारची पडलीय, आणि हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच आहे, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही घाई केली, असं मानणं मला सोपं होतं. घाई न करणं माझ्या हातात होतं, आणि तेवढ्या भरवशावर मी कुठल्याही शेडमध्ये शिरत होते. तुम्ही सगळं नीट केलं होतं हे कळल्यापासून मला उद्याच्या सकाळची भीती वाटतेय.