क्वालविकाचं अस्वल

शुक्रवार, ५ एप्रिल
रविवारी सुट्टी. क्वालविका खाडीवरच्या खोपीपर्यंत स्कीवर जाणार. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. उत्तर ध्रुवाजवळच्या या बेटावर एकसष्टाव्या वर्षी हे करणारा मी एकटाच. (हवामान केंद्रात माणसं चारच, ते सोडा.) एकट्याने बाहेर पडायचं नाही असा नियम, म्हणून इंगविल्डला नेतोय. हवामान नोंदवणारी पोरगी, सव्वीस वर्षांची, पहिलाच हिवाळा. तेवढंच शिकेल.

शनिवार, ६ एप्रिल
जनरेटर माझ्याकडे असतो; त्याच्या मीटरवर चाळीसचे नव्वद वाचले. काच जुनी झालीय. आमची चीफ तोरुन म्हणाली, रायफल इंगविल्डकडे दे. मी म्हटलं, अकरा हिवाळे तुम्हाला अस्वलांपासून कोणी सांभाळलं? स्वयंपाकी हालवर्द म्हणाला, "म्हाताऱ्या, काल कॉफीत मीठ घातलंस!" डबे सारखेच असतात. गावी गेलो की नवा चष्मा. विषय संपला.

रविवार, ७ एप्रिल, सकाळी ८
लख्ख ऊन. उणे चौदा. रायफल माझ्याच खांद्यावर.

रविवार, दुपारी ४
परतलो. स्की उत्तम चालली. वॅफल्स, तपकिरी चीज. इंगविल्ड म्हणाली, इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. छान पोरगी.

रविवार, संध्याकाळी ६
बाकीचंही लिहायला हवं.
ती सील बघायला किनाऱ्यावर गेली. मी खोपीच्या दारात पहाऱ्यावर. थोड्या वेळाने उंचवट्यावर अस्वल आलं. मागच्या पायांवर उभं राहिलं, पुढचे पंजे वर. आधी हवेत बार काढायचा असतो, ठाऊक आहे. वेळ नव्हता. गोळी झाडली.
अस्वल ओरडलं. माझं नाव घेऊन ओरडलं.
ती दोन्ही हात हलवून मला बोलवत होती. सील दाखवायला.
गोळी लागली नाही. उन्हाची तिरीप होती. कोणाचीही चूक झाली असती.
येताना रायफल तिच्याकडे होती. नऊ किलोमीटर ती पुढे, मी मागे.

सोमवार, ८ एप्रिल
इंगविल्ड जेवायला आली नाही. डोकं दुखतंय म्हणे. मी खोलीशी गेलो. दाराआडून म्हणाली, "तोरुनला तूच सांग. बुधवारपर्यंत थांबते मी."
सांगणारच होतो.

मंगळवार, ९ एप्रिल
तोरुन दिवसभर कामात. असल्या गोष्टी घाईत सांगायच्या नसतात. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आलो. एकदा दार भांडारघराचं निघालं.

बुधवार, १० एप्रिल
सांगितलं. इंगविल्ड शेजारी बसली होती. तोरुनने विचारलं, "डोळ्यांचं हे कधीपासून?" मी म्हटलं, रविवारपासून. तिच्या पेनचा आवाज आला नाही. मग मी म्हटलं, गेल्या शरदापासून. तरी पेन चालेना. मग म्हटलं, त्याच्याही आधीपासून.
इंगविल्ड रडायला लागली. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "मग माझ्याबरोबर आलास कशाला? मी नेलं असतं की तुला हाताला धरून."
मी चष्मा काढून पुसत बसलो.
शुक्रवारी हेलिकॉप्टर येणार. मी एकटाच जाणार. पुढचा हिवाळा दुसऱ्या कोणाचा तरी.
तोरुनने अहवाल लिहून पुढे सरकवला. सहीची रेघ कुठे ते मला दिसेना. उगीच मजकूर वाचल्यासारखं केलं, बराच वेळ. शेवटी इंगविल्डने माझं बोट धरलं आणि रेघेवर नेऊन ठेवलं. तिचा हात गार होता.
सही केली. झोकात आली असावी.