अज्ञात म्हणून छापलेलं गाणं

सर, चार दिवस झाले, जेवायला बसते आणि दोन घास खाऊन उठते. आपल्या कला परिषदेची स्मरणिका निघते आहे आणि परिषदेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे, कारण सुरुवातीपासूनची म्हणावी अशी आता मीच उरले. बाकी सगळं लिहून झालं. नांदेडच्या वजिराबादेतल्या दुकानावरची ती खोली, तिथं तुम्ही शाहीर, भजनी, बँडवाले आणि शाळामास्तर एकाच सतरंजीवर कसे बसवलेत, ज्याच्याकडे वाद्य नाही त्याला परिषदेचं वाद्य घरी न्यायची मुभा कशी दिलीत, हे सगळं आलं. एका पानाशी मात्र हात थांबतो. परिषदेच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी जे गाणं म्हणतात, त्याच्याखाली इतकी वर्षं ‘गायिका अज्ञात’ असं छापतात. ती गायिका माझी आई होती.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. लोकांना प्यायला पाणी न्हाई अन् हे पेट्या वाजवून राहिले, असं आपल्याला तोंडावर ऐकवत. तुम्ही म्हणालात, मग आपणच लोकांकडे जाऊ. नायगावच्या बाजूला रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं, तिथं आपण सहा-सात जण गेलो. मी तेव्हा नांदेडला वसतिगृहात राहून शिकत होते. आई कामावर जाते हे मला माहीत होतं, पण त्याच आठवड्यात तिच्या टोळीला त्या रस्त्यावर हलवलंय, हे नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या आणि एक बाई गात होती. गोदामाय माहेराला गेली, तिला आणायला कोण जाईल, अशी त्या गाण्याची सुरुवात. तुम्ही हातातली वही उघडून उभ्या उभ्याच लिहायला लागलात. मी दहा पावलांवर उभी आहे. आईच्या अंगावर खडीची पांढरी भुकटी, पदराला गाठी मारलेल्या, बोटाला चिंधी. माझ्या शेजारी परिषदेतल्या साहेबांच्या बायका, पायात माझ्या नव्या चपला. आईनं मान वर केली, मला पाहिलं आणि पदर पुढं ओढून पुन्हा हातोडा उचलला. तुम्ही वळून मला विचारलंत, ही बाई कुठली, तुमच्याच बाजूची दिसते. मी म्हणाले, “माहीत नाही, सर.”

तेवढ्यात मुकादम मस्टर घेऊन आला, बायका हजेरीला उठल्या आणि नाव विचारायचं राहून गेलं. परतताना तुम्ही चाल आठवत होतात, जमत नव्हती. ती लहानपणापासून माझ्या कानात होती. मी म्हणून दाखवली. एकदा ऐकून उचलली, असा कान मी बघितला नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत आणि सरावासाठी स्वतःची पेटी मला देऊ केलीत. वसतिगृहात चालत नाही आणि गावी घरी जागा नाही, असं सांगून मी ती घेतली नाही. खरं तर पेटीच्या निमित्तानं तुम्ही एखाद्या दिवशी घरी याल आणि आईचा आवाज ओळखाल, याची धास्ती होती. पुढच्या रविवारी गावी गेले. आता आई बोलेल, मग बोलेल, म्हणून दिवसभर तिच्यासमोर बसणं टाळत राहिले. संध्याकाळी भाकरी थापताना ती एवढंच म्हणाली, “तुजे सर लई चांगले हायत. मला त्यांनी त्यांच्या तांब्यातलं पाणी दिलं.”

मग लातूर जिल्हा झाला. आपल्या परिषदेतल्या उदगीर-अहमदपूरकडच्या कलावंतांना आनंदही झाला आणि आता आपली वेगळी परिषद हवी, असंही वाटायला लागलं. ती बैठक आठवते. वाद्यांची वाटणी गोडीनं झाली आणि गाण्यावर येऊन अडलं. उदगीरचे शाहीर म्हणत होते, हे आमच्या भागातलं आहे, नांदेडकर म्हणत होते, गोदावरी आमची. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, तू होतीस तिथं, काही आठवतं का. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सेक्रेटरी होते. आता सांगितलं तर इतकी वर्षं का नाही, हे विचारतील, म्हणून मी नकारार्थी मान हलवली. तुम्ही निकाल दिलात, दोन्हीकडे म्हणा आणि अज्ञात लिहा. आई तेव्हा माझ्याच घरी होती. म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनाचे अर्ज मी गावोगाव फिरून भरत होते. तिचा भरला नाही.

तुम्ही गेल्यावर एकदा तिला कार्यक्रमाला नेलं होतं, मागच्या रांगेत बसवलं होतं. मुलींनी गाणं छान म्हटलं. येताना ऑटोत मी विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, “चांगलं म्हणून राहिल्या. पण दगडावर हातोडा पडल्याबिगर ते गाणं चालत न्हाई.” दोन वर्षांनी तीही गेली.

आता नव्या सेक्रेटरीचा सारखा फोन येतो. चांगली मुलगी आहे. तिला सांगितलं की गायिकेचं नाव सापडलंय. ती हरखली, मग म्हणाली, मॅडम, पुरावा काय लिहू, लातूरवाले विचारतील. तिचं बरोबर आहे. सगळे साक्षीदार गेले आणि मी तर दोनदा नाही म्हणालेली. उद्या लोक म्हणतील, सगळ्यांचं गाणं हिनं स्वतःच्या घरात नेलं. आणि ते नाही म्हणाले तरी कुणीतरी शांतपणे विचारेल, मग तेव्हा का नाही सांगितलं. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते छापण्यासारखं नाही. तुम्ही असता तर रागावला असता की गप्प बसला असता, ते मला अजून ठरवता येत नाही.

आज सकाळी ते पान मी पाठवलं. अज्ञात खोडून आईचं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, रस्त्याच्या कामावर गायली हेही लिहिलं. पुरावा म्हणून लिहिलं, प्रत्यक्ष ऐकणारीची आठवण. माझी आई, हे दोन शब्द मात्र अजून लिहिलेले नाहीत, सर.