डबीतला मुलगा

३ मार्च

आली डबी! धाकटीनं पाठवली. आकार साबणाच्या वडीएवढा, आवाज माझा. ठरल्या वेळी बोलून आईला गोळ्यांची, पाण्याची, गॅस बंद करण्याची आठवण द्यायची, तीही न चिडता. ('न चिडता' हे धाकटीनं दोनदा सांगितलं. रोख कुणाकडे, हे न कळण्याइतका विसराळू मी अजून झालेलो नाही.)

सकाळभर फोनसमोर वाक्यं बोलत बसलो. व्हिडिओवर धाकटी हसतेय — "दादा, प्रवचन नको! घरात बोलतोस तसं बोल. आणि आधी ओळख सांग, नाहीतर दचकेल ती." म्हणून प्रत्येक वाक्याआधी: 'आई, मी बोलतोय, तुझा मुलगा.'

जुन्या काव्यांत ऐन संकटात अशरीरिणी वाणी उमटते, तशीच ही. फक्त ती कुणाला 'पाणी पी' म्हणत नसे.

५ मार्च

चमत्कार! माझ्या हातची गोळी आई गालात लपवते. डबीच्या एका हाकेत गिळली. "घेते रे, घेते!" — हे डबीला. मला नाही.

११ मार्च

कागद तपासत होतो, तांबडी पेन्सिल कानावर. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढणं हा माझा धंदा. आई दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "अहो मास्तर, खोली पसंत पडली ना?"

अहो!

"आई, मी आहे. तुझा मुलगा."

हसली. परक्या माणसाला अवघडू नये म्हणून हसतात, तशी. डबीकडे बोट केलं. "मुलगा तिकडे आहे. आत्ताच बोलला की माझ्याशी."

बोलला होता खरा. पुरावा सज्जड. आणि तो मीच तयार केलेला!

१२ मार्च

तर आता मी या घरातला भाडेकरू. तृतीय पुरुष, एकवचन.

धाकटी फोनवर रडवेली. "दादा, बंद करू का ती डबी?"

बंद केली तर गोळ्या जातात. चालू ठेवली तर मी जातो.

राहू दे म्हणालो.

१७ मार्च

आईनं आज माझ्याकडे माझीच तक्रार केली. "मुलगा गुणी हो, पण नुसती कामं सांगतो. गोळी घे, पाणी पी. कशी आहेस, एवढं एकदा विचारायला तोंड दुखतं का?"

स्वयंपाकघरात गेलो. फोनवरून डबीत थेट बोलता येतं.

"आई, मी बोलतोय. कशी आहेस?"

उत्तर फोनमधून आलं आणि भिंतीपलीकडूनही. "बरी आहे रे! तू कधी येणार घरी?"

"येतो."

मध्ये भिंत. तीही फार जाड नाही.

"ये. इथे एक मास्तर राहतात. माणूस भला आहे. पण त्यांना कुणी नाही वाटतं. ओट्याशी उभ्याउभ्याच जेवतात बिचारे."

हातातली वाटी खाली ठेवली. मी उभाच होतो, अर्थातच.

१८ मार्च

दिवसभरात कुणाशी बोललो नाही. घरात माझा आवाज मात्र चारदा ऐकू आला.

२३ मार्च

धाकटी आणि आई व्हिडिओवर बराच वेळ. मी चहा घेऊन आत गेलो, तर आई म्हणाली, "मास्तर, जरा बाहेर थांबता? घरचं बोलणं चाललंय."

थांबलो. गॅलरीत. चहा माझाच मी प्यायलो, दोन्ही कप.

२४ मार्च

दुपारी वाटी घेऊन ओट्याशी गेलो. डबी आज ओट्यावर कशी, असं मनात येतंय तोच ती बोलली — आईच्या आवाजात! (कालचं धाकटीबरोबरचं 'घरचं बोलणं' ते हेच तर!)

"मास्तर, मी बोलतेय, घरमालकीण. ताट घ्या आणि नीट बसून जेवा. माझ्या मुलालाही हीच खोड. लहानपणापासून सांगतेय, उभ्यानं गिळू नकोस. तो काही ऐकत नाही. तुम्ही तरी ऐका."

ताट घेतलं. बसलो.