उभ्या गाडीचं काळं ऑइल

११ जानेवारी, रविवार

काळं! अगदी डांबर! दिवाळीच्या पाडव्याला मी माझ्या हाताने ऑइल बदललं, तेव्हा कसं मधासारखं पिवळं होतं. आज सहज ऑइल मोजायची काडी काढून पुसली, परत बुडवली, तर हे. तेव्हापासून स्कूटी फिरली किती? आठवड्याचा बाजार, एक-दोनदा दळण. विद्यापीठातल्या ऑफिसात मी चालतच जाते. गाडी दिवसभर ओसरीपुढे उभी. उभ्या गाडीचं ऑइल काळं होतं का?

गाडीदुरुस्तीच्या व्हिडिओतला दादा म्हणतो, "गाडी पळाली की ऑइल काळं होणारच." अरे बाबा, पळालीच नाही ती! मीटरची केबल तुटलेली, त्यामुळे आकडा बघायचीही सोय नाही. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला, की माझंच काही चुकलं?

आप्पांना विचारलं. ओसरीवर तूर निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "आसंल. जुनी गाडी हाय." झालं!

आईचं तिसरंच. "लगीन म्हैन्यावर आलंय आन् हात बघा पोरीचे, गॅरेजवाल्यावानी!" बघू देत. स्कूटी मी सासरी नेणार आहे. तिथे दर वेळी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, म्हणून तर हे सगळं शिकतेय.

१३ जानेवारी

आणखी एक गंमत. टाकीत पेट्रोल आहे. मी दिवाळीपासून टाकलेलंच नाही! ऑइल काळं होतंय आणि पेट्रोल संपत नाही — ही गाडी आहे की भुताटकी?

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी ऑफिसमधून ताईला फोन केला. घरून करता येत नाही. पाच वर्षं झाली — ताईने सुनीलदाजींशी लग्न केलं, जातीबाहेर, आणि आप्पांनी सांगून टाकलं, "मला एकच पोरगी." तेव्हापासून तिचं नाव घरात निघत नाही. गाव काही लांब नाही, श्रीरामपूरच्या अलीकडे, तासाभराची वाट. पण जायचं कोणी? तिची संस्कृती आता चार वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय.

ताई म्हणाली, "तुज्या लग्नात म्या मांडवाच्या भायेर उभी ऱ्हाईन. लांबून दिसलीस तरी बास." फोन ठेवला आणि रडले. माझी करवली ताईच! हळदीपासून अक्षतांपर्यंत माझ्या मागे तीच उभी हवी. दुसरी कुणी नको मला.

संध्याकाळी धीर करून विषय काढला. आप्पा, करवली कोण? "आत्याची यामिनी हाय की." मी ताईचं नाव काढणार, तर तेच पुढे म्हणाले — "आन् स्कूटी येवढ्यात नगं नेऊ. ऱ्हाऊ दे हितंच." का? "ऱ्हाऊ दे म्हनलं ना!"

दसऱ्याला गाडीला हार घालताना हाच माणूस म्हणाला होता, गाडी तुजी. मग आता काय झालं? स्वतः तर तिला हातही लावत नाहीत, बायकांची गाडी म्हणून नाक मुरडतात. मला आप्पा कळत नाहीत. त्यांच्या हातचा तिळगूळ घेतला नाही मी आज.

१८ जानेवारी

परत काडी पाहिली. आणखी काळं, आणि पातळीही खाली गेलीय. डोकं चालत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

ताईचा फोन. आपणहून ती कधी करत नाही. घाबरली होती. "ज्ञानू, अंगनवाडीसमोर एक म्हातारा येऊन बसतो गं पारावर. तोंडाला मफलर. बोलत न्हाई, काय न्हाई, नुसता संस्कृतीकडं बघत ऱ्हातो. पोरं सुटली का जातो निगून. बाई म्हनल्या, लई दिस झालं." दाजी शनिवारी टेम्पो बाहेर काढणार नाहीत. "धरनारच म्हनत्यात त्याला. चांगला बदडनार हायेत."

कशावर येतो तो, मी विचारलं.

"पांढऱ्या स्कूटीवर. मागला दिवा फुटलाय, लाल चिकटपट्टी लावलीया."

ती चिकटपट्टी मी लावलीय.

ताईला "जप" एवढंच म्हणाले.

२२ जानेवारी

काय करू? ताईला सांगावं तर आप्पांची चोरी उघडी पडते. आप्पांना सांगावं तर मी ताईशी बोलते हे उघडं पडतं — आणि मग त्यांनी तिकडे जाणंच बंद केलं तर? आणि काहीच नाही सांगितलं, दाजींनी सासऱ्यावर हात टाकला, तर मग कायमचंच तुटलं! मांडवाबाहेर उभं राहायलाही येणार नाही ताई.

एवढ्या थंडीत तिथवर जायचं, पारावर बसायचं, आणि लेकीच्या दारात पाय ठेवायचा नाही! राग येतो त्यांचा. आणि कीवही येते. आज जेवताना मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही. "भाजी आळनी झालीया का?" म्हणाले.

२३ जानेवारी

सुचलं! उद्या सकाळीच ऑइल बदलायला घेते. गाडी खोलून ठेवली की जातील कशी? कुणाला काही सांगायला नको.

२४ जानेवारी, शनिवार, सकाळ

ठरल्याप्रमाणे इंजिन जरा गरम केलं, पान्याने बोल्ट सोडला आणि आईच्या जुन्या परातीत सगळं काळं ऑइल उतरवलं. बोल्ट आवळला. आता नवं ओतायचं, पण सावकाश, अंगणवाडी सुटेपर्यंत — हा माझा बेत. तर ऑइलचा डबाच रिकामा! आईने कडबा कापायच्या कुट्टीच्या मशीनला घातलं. "करकरत हुतं ते, मग?"

दुकानाकडे निघाले तर दारात आडवी. "आज शनवार! तेल घरात आनायचं न्हाई." अगं आई, इंजिनचं आहे ते! "तेल ते तेल. लगीनघर हाय." हसावं की डोकं आपटावं! मग म्हटलं, बरंच झालं. मला कुठे घाई आहे? उद्या ओतू.

आप्पा शेताकडे गेलेत. चावी माझ्या पर्समध्ये. आईबरोबर साड्या फॉलला टाकायला निघालेय.

दुपार

स्कूटी नाही! परात तिथेच, ऑइल तसंच. आप्पांकडे दुसरी चावी असणार हे मला सुचू नये? ऑइल नसलं तरी गाडी सुरू होते, तीच तर भीती. इंजिन तापून वाटेत कुठेही जाम होईल. मागे उसाचा ट्रॅक्टर असला तर? आप्पा फोन उचलत नाहीत. ताई उचलत नाही. अडवायला गेले आणि मीच त्यांना —

आईला सगळं सांगितलं. ताईचे फोन, अंगणवाडी, दाजी, ऑइल, सगळं. वाटलं, आता आकांत करेल. ती परातीकडे बघत बसली. मग म्हणाली, "रोज म्या त्यांच्या खिशात चिक्की ठिवती. नातीसाठी. रोज तशीच परत येती."

म्हणजे तुला माहीत होतं?

"बायको हाय म्या त्यांची."

मला या घरातलं काहीच कळत नाही. फोन लावतेच आहे. कुणी उचलत नाही.

२५ जानेवारी, रविवार

इंजिन जाम झालं ते अंगणवाडीच्या दारातच. दाजी धरायला आले तेव्हा आप्पा घामाघूम होऊन किक मारत होते, मफलर सोडून खांद्यावर टाकलेला, म्हणून दाजींनी ओळखलं. काल दिवस मावळायच्या आत दाजींचा टेम्पो आमच्या दारात आला. मागे स्कूटी. ताई उतरली आणि अंगणातच थांबली, मान खाली घालून. आईला हुंदका फुटला, पण तीही जागची हलेना.

आप्पा संस्कृतीला कडेवर घेऊन पुढे आले आणि आईवर खेकसले, "अगं बघती काय? करवलीला आंगनात उभी करत्यात व्हय?"